वाळू, देह आणि एडवर्ड वेस्टन



उन्हाळा आला की आपल्या कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा येतात आणि वीकएंडच्या सहलींची यादी तयार होते. गोल्डन गेट, योसेमिटी, लेक टाहो, मॉन्टेरे... आमच्याकडेही तसंच झालं. एका शनिवारी उन्हाचा कंटाळा आला म्हणून आम्ही सगळे एका म्युझियममध्ये शिरलो. फोटोग्राफीच्या दालनात एक छोटासा कृष्णधवल फोटो होता. वाळूचा उतार आणि त्यावर पहुडलेली एक विवस्त्र स्त्री. आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी घाईघाईने मान वळवली. आम्ही दोघांनी हातातल्या माहितीपत्रकात डोकं घातलं. आई मात्र चष्मा पुसून तिथेच उभी राहिली. वेरूळच्या कैलास लेण्यात ती एकेका मूर्तीपुढे थांबायची, अगदी तशीच! मग तिने विचारलं की हा फोटो काढणारा माणूस कोण? आम्हाला धड सांगता येईना.

घरी आल्यावर शोधाशोध सुरू झाली. लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि लक्षात आलं की हा माणूस तर आपल्या अगदी शेजारचा! आपण ज्या कार्मेलला दरवर्षी जाऊन कॉफी पिऊन परत येतो, त्याच गावाजवळ त्याने आयुष्याची शेवटची वीस वर्षं काढली. त्याची ही हकिगत आपल्या वाचकांसाठी.

एडवर्ड वेस्टन यांचा जन्म २४ मार्च १८८६ रोजी इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या हायलंड पार्क इथे झाला. वडील डॉक्टर. एडवर्ड पाच वर्षांचा असताना आई गेली आणि नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीने, मे हिने, त्याला आईच्या मायेने वाढवलं. शाळेत त्याचं मन रमलं नाही. १९०२ साली सोळाव्या वाढदिवसाला वडिलांनी त्याला कोडॅकचा एक साधा कॅमेरा भेट दिला. झालं! शिकागोच्या बागांमधून हा मुलगा कॅमेरा घेऊन भटकायला लागला.

पुढे बहीण लग्न होऊन कॅलिफोर्नियात आली, तिच्यामागोमाग १९०६ मध्ये एडवर्डही आला. लॉस एंजेलिसजवळच्या ट्रॉपिको नावाच्या गावात त्याने मुक्काम टाकला. हे गाव आज ग्लेंडेल शहरात सामावलं आहे. सुरुवातीला रेल्वेच्या सर्व्हेच्या कामावर नोकरी केली, मग दारोदार फिरून लोकांच्या मुलांचे आणि पाळीव प्राण्यांचे फोटो काढून पैसे मिळवले. हे शिक्षण अपुरं आहे हे कळल्यावर इलिनॉयमधल्या एका फोटोग्राफी कॉलेजात नाव घातलं. नऊ महिन्यांचा अभ्यास सहा महिन्यांत संपवला, पण कॉलेज म्हणालं की डिप्लोमा हवा असेल तर पूर्ण नऊ महिन्यांची फी भरा. पठ्ठ्याने फीही भरली नाही आणि डिप्लोमाही घेतला नाही!

१९०९ मध्ये फ्लोरा चँडलर हिच्याशी लग्न झालं आणि १९११ मध्ये ट्रॉपिकोत स्वतःचा स्टुडिओ उघडला. पुढच्या काही वर्षांत चँडलर, ब्रेट, नील आणि कोल असे चार मुलगे झाले. धंदा बरा चालला, प्रदर्शनांतून बक्षिसं मिळू लागली. त्या काळी फोटोही चित्रासारखा दिसला पाहिजे अशी समजूत होती. भिंग मुद्दाम मऊ ठेवायचं, कडा धुकट करायच्या, सगळं स्वप्नासारखं वाटलं पाहिजे! वेस्टन यांचे सुरुवातीचे फोटो अगदी याच वळणाचे आहेत.

निसर्गात मानवी देहाचे फोटो काढणारे वेस्टन पहिले नव्हेत, हेही इथे सांगायला हवं. आपल्या ओकलंडमध्ये राहणाऱ्या अ‍ॅन ब्रिगमन या बाई विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सिएरा नेवाडाच्या डोंगरात जाऊन वाकड्यातिकड्या झाडांच्या आणि खडकांच्या सोबतीने विवस्त्र आकृतींचे फोटो काढत होत्या. कधी मैत्रिणी, कधी बहीण, तर कधी स्वतःच कॅमेऱ्यासमोर! त्या काळात एका स्त्रीने हे करणं म्हणजे केवढं धाडस असेल याची कल्पना करा. पण ब्रिगमन यांच्या फोटोंत एक गोष्ट दडलेली असते. ती स्त्री वनदेवता होते, वादळाचा किंवा झाडाचा आत्मा होते. वेस्टन यांनी पुढे ही गोष्टच काढून टाकली. देवता नाही, कथा नाही. उरला तो फक्त आकार.

पण तिथपर्यंत पोहोचायला त्यांना वीस-पंचवीस वर्षं लागली.

१९२२ साली ते ओहायोत बहिणीकडे गेले होते. तिथे मिडलटाउनमध्ये पोलादाचा मोठा कारखाना होता. त्याच्या चिमण्यांचे आणि नळकांड्यांचे त्यांनी फोटो काढले. चिमणीला काही धुकट करून चालत नाही. ती जशी आहे तशीच, स्वच्छ रेषेत यावी लागते. इथून त्यांचं वळण बदललं. पुढे न्यूयॉर्कला जाऊन आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्यासारख्या त्या काळच्या मोठ्या फोटोग्राफरला भेटून आले आणि मनाशी ठरवून टाकलं की आता सोंग पुरे.

१९२३ च्या उन्हाळ्यात ते टीना मोदोत्ती या इटालियन वंशाच्या अभिनेत्रीबरोबर बोटीने मेक्सिकोला गेले. थोरला मुलगा चँडलर बरोबर होता. फ्लोरा आणि धाकटे तिघे कॅलिफोर्नियातच राहिले. मेक्सिकोत दिएगो रिव्हेरासारखे चित्रकार मित्र झाले, टीना स्वतः उत्तम फोटोग्राफर झाली, वेस्टन यांनी ढगांचे, मडक्यांचे, माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो काढले. पण पैशांची कायम ओढाताण, आणि मागे राहिलेल्या मुलांची आठवण. रोज पहाटे उठून ते डायरी लिहीत. पुढे छापल्या गेलेल्या या डायऱ्यांत मुलांपासून दूर असल्याची बोच पानोपानी दिसते. आपण परदेशात राहणाऱ्यांना ही बोच वेगळी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की त्यांना कोणी जायला भाग पाडलं नव्हतं. मागे फ्लोरा शिक्षिकेची नोकरी करून घर ओढत होती. वेस्टन यांच्यावरच्या लेखांत तिचा उल्लेख एखाद्या ओळीचाच असतो, म्हणून आम्ही तो इथे जरा ठळक करतो आहोत.

मधल्या काळात ते एकदा घरी येऊन गेले आणि परत जाताना दुसरा मुलगा ब्रेट याला घेऊन गेले. तेरा वर्षांच्या ब्रेटने मेक्सिकोत वडिलांजवळ कॅमेरा हाती घेतला, तो कायमचा. या मुलाची गोष्ट शेवटी पुन्हा येणार आहे.

१९२६ च्या अखेरीस ते कायमचे परत आले. १९२७ मध्ये शिंपले, पुढे भाज्या! १९३० च्या ऑगस्टमधली त्यांची ढोबळी मिरची तर जगप्रसिद्ध आहे. फोटो 'पेपर नंबर ३०' या नावाने ओळखला जातो. वेस्टन यांनी एक वेडीवाकडी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतून उजेड परावर्तित होऊन मिरचीभोवती सगळीकडून मऊ पसरला. फोटोत ती मिरची राहतच नाही. पाठ वाकवून बसलेल्या पैलवानासारखी, एकमेकांना मिठी मारलेल्या दोन देहांसारखी दिसते. लोकांनी त्यात नाही नाही ते अर्थ शोधले. वेस्टन मात्र म्हणत राहिले की आपण मिरचीच पाहिली, फक्त नीट पाहिली.

१९२९ मध्ये ते कार्मेलला आले. जवळच पॉइंट लोबोस. तिथले खडक, वठलेल्या सायप्रसची मुळं, समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली केल्प यांवर ते तासन् तास काम करत. १९३२ मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (योसेमिटीच्या फोटोंमुळे यांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं), इमोजेन कनिंगहॅम, विलर्ड व्हॅन डाइक वगैरे मित्रांबरोबर त्यांनी 'ग्रूप एफ/६४' नावाचं मंडळ काढलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियममध्ये पहिलं प्रदर्शन भरवलं. एफ/६४ म्हणजे भिंगाचं अगदी बारीक छिद्र. छिद्र जितकं बारीक, तितकं जवळचं आणि लांबचं सगळंच स्पष्ट येतं. धुक्याला रामराम!

त्यांची कामाची पद्धत थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कॅमेरा मोठा, तिकाटण्यावर बसवलेला, ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेवर प्रतिमा बघायची, तीही उलटी! मग काचेच्या जागी फिल्मचा एक तुकडा सरकवायचा. एका वेळी एकच फोटो. नंतर ती फिल्म कागदावर टेकवून, उजेड दाखवून त्याच आकाराची प्रत काढायची. मोठं करणं नाही, कडा कापणं नाही. म्हणजे जे काही ठरवायचं ते शटर दाबण्याआधीच. आजच्या फोनवर एका मिनिटात चाळीस फोटो काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे व्रतच वाटेल.

१९३४ च्या सुरुवातीला कार्मेलमध्ये त्यांची कॅरिस विल्सनशी गाठ पडली. ती एकोणीस वर्षांची, ते सत्तेचाळीसचे. वाचनाची, लिहिण्याची आवड असलेली ही हुशार मुलगी आधी मॉडेल म्हणून आली आणि मग आयुष्याची जोडीदार झाली. १९३६ मध्ये दोघं ओशिआनोला गेली. सॅन लुइस ओबिस्पोच्या खाली, पिस्मो बीचला लागून मैलोन् मैल वाळूच्या टेकड्या पसरलेल्या आहेत, तीच ही जागा.

इथे एक मजेशीर गोष्ट हाती लागली. त्या काळी या टेकड्यांत 'ड्यूनाइट्स' म्हणून ओळखली जाणारी मंडळी झोपड्या बांधून राहत असत. कवी, चित्रकार, साधक, ज्योतिष बघणारे, असे सगळे नमुने! त्यांच्यातला एक म्होरक्या गॅव्हिन आर्थर हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांचा नातू. आणि याच वाळूत १९३० च्या दशकात येऊन गेले ते पुण्यात जन्मलेले, अहमदनगरजवळच्या (आताचं अहिल्यानगर) मेहेराबादचे मेहेरबाबा! १९२५ पासून त्यांनी मौन धरलं होतं. आपल्या नगरचा माणूस पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या वाळूवर चालून गेला होता, हे वाचून आईला कोण आनंद झाला!

तर वेस्टन. त्या टेकड्यांवर ते मुळात वाळूचेच फोटो काढायला गेले होते. ऊन तापलेलं, आसपास चिटपाखरू नाही. कॅरिसने कपडे काढून ठेवले आणि लहान मुलासारखी ती उतारावरून गडगडत खाली गेली. वेस्टन यांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला. त्यातून जी मालिका तयार झाली, तीच ही वाळूवरची चित्रं.

आता त्या फोटोकडे परत बघू. कॅरिस कुठे पालथी आहे, कुठे उताणी. ती आपल्याकडे बघत नाही, आपल्याला बोलावतही नाही. तिची त्वचा आणि वाळू यांचा रंग करडेपणात जवळजवळ सारखाच. मग देह वेगळा दिसतो कशामुळे? सावलीमुळे. कडक उन्हात अंगाच्या कडेला पडलेली काळी रेघ, तीच जणू पेन्सिलची रेघ. वाऱ्याने वाळूवर काढलेल्या लाटा आणि पाठीचा बाक एकाच हाताने घडवल्यासारखे वाटतात. गंमत अशी की त्याच दिवसांत काढलेले नुसत्या टेकड्यांचे फोटो बघितले, तर तिथे माणूस नसतानाही खांदा दिसतो, कंबर दिसते, झोपलेल्या माणसाची कूस दिसते. मिरचीत देह, देहात टेकडी, टेकडीत पुन्हा देह. त्यांच्या नजरेत हे सगळं एकाच मातीचं होतं. म्हणूनच तो फोटो बघताना आईला संकोच वाटला नसावा. वेरूळला दगडातून देह येताना तिने बघितलाच होता.

अर्थात सगळ्यांना हे पटलं असं नाही. असे फोटो त्या काळी पोस्टाने पाठवणंही कायद्याच्या कचाट्यात सापडण्यासारखं होतं. आणि आज वेगळा प्रश्न विचारला जातो, तोही रास्त आहे. चेहरा नसलेली स्त्री, म्हणजे नुसता आकार? ती स्वतः कुठे आहे? याचं उत्तर निम्मं तरी कॅरिसनेच दिलं. वेस्टन यांना १९३७ मध्ये गुगनहाइम फेलोशिप मिळाली, फोटोग्राफरला मिळालेली ती पहिलीच. रक्कम २००० डॉलर. त्या फेलोशिपसाठी सविस्तर अर्ज लिहिण्यात कॅरिसचाच हात होता. पुढचं वर्षभर फोर्ड गाडीतून सोळा हजारांहून अधिक मैलांचा प्रवास झाला, बाराशेहून अधिक निगेटिव्ह तयार झाल्या. गाडी चालवायची ती, रोजची नोंद ठेवायची ती. १९४० मध्ये आलेल्या 'कॅलिफोर्निया अँड द वेस्ट' या पुस्तकातला मजकूरही तिचाच. वेस्टन यांच्या नावावर छापून आलेले कितीतरी लेखही तिनेच लिहिले होते. पुढे १९९८ मध्ये तिने 'थ्रू अनदर लेन्स' हे आठवणींचं पुस्तक लिहून आपली बाजू स्वतः मांडली. २००९ मध्ये ती गेली. वाळूवरच्या त्या आकाराला नाव होतं, आवाज होता, हे विसरून चालणार नाही.

१९३८ मध्ये कार्मेल हायलंड्समध्ये, कॅरिसच्या वडिलांच्या जागेवर, मुलगा नील याने त्यांच्यासाठी साधं लाकडी घर बांधलं. त्या जागेचं नाव वाइल्डकॅट हिल. १९३९ मध्ये दोघांनी लग्न केलं. १९४१ मध्ये वॉल्ट व्हिटमन यांच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'च्या एका आवृत्तीसाठी फोटो काढायला देशभर फिरत असतानाच पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि दौरा अर्धवट सोडावा लागला. १९४५ मध्ये संसारही मोडला, १९४६ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं भव्य प्रदर्शन भरलं. कलाकाराला याहून मोठा मान कोणता! पण तोवर हात थरथरू लागले होते. पार्किन्सन्स.

ज्या माणसाचं सगळं काम स्थिर हातावर, स्थिर कॅमेऱ्यावर उभं, त्याच्याच हाताला कंप यावा! १९४८ मध्ये पॉइंट लोबोसला त्यांनी शेवटचा फोटो काढला. खडक आणि गोटे. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं ते जगले, पण कॅमेरा पुन्हा हाती घेता आला नाही.

आणि इथे मुलं पुढे आली. ज्या मुलांना सोडून बाप मेक्सिकोला गेला होता, तीच. कोल मदतीला कार्मेलला येऊन राहिला. ब्रेटने वडिलांच्या निगेटिव्ह हाती घेतल्या. म्हातारा खुर्चीत बसून प्रत न्याहाळायचा, कुठे काळं जास्त, कुठे कमी ते सांगायचा, आणि ब्रेट अंधाऱ्या खोलीत पुन्हा कामाला लागायचा. अशा सुमारे ८३० निगेटिव्हच्या प्रती तयार झाल्या. बापाची नजर आणि मुलाचे हात! १ जानेवारी १९५८ रोजी वाइल्डकॅट हिलवरच्या घरी वेस्टन यांनी डोळे मिटले. त्यांची रक्षा पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडण्यात आली. त्या किनाऱ्याला आज वेस्टन बीच म्हणतात.

आम्ही आईला घेऊन तिथे जाऊन आलो. वाळूचा बीच समजून जाल तर फसाल, तिथे सगळे खडक आणि गोटेच आहेत. थर थर असलेले, वळलेले, भरती-ओहोटीने गुळगुळीत केलेले. चिरंजीव आधी फोनमध्ये होते. मग एका खडकापुढे थांबले आणि म्हणाले की हा अगदी पाठ वाकवून बसलेल्या आजीसारखा दिसतोय. आजी हसली आणि खरोखरच त्या खडकाशेजारी जाऊन बसली. आम्ही फोटो काढला. एकच.

तेव्हा मंडळी, कार्मेलला जाल तेव्हा कॉफी पिऊन लगेच परत फिरू नका. चार मैल पुढे पॉइंट लोबोस आहे. आणि म्युझियममध्ये असा फोटो दिसला, तर मुलांसमोर माहितीपत्रकात डोकं घालण्यापेक्षा दोन मिनिटं थांबा आणि त्यांना त्यात काय दिसतं ते विचारा. आमच्यापेक्षा लवकर सुचेल त्यांना!

आपले अनुभव आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात भेटूच.